इवल्या गांडुळाचं पिवळं पान

हे एवढंसं गांडूळ होतं. करंगळीहून बारीक. फणसाच्या बुंध्याशी राहायचं.

एकदा फणसाचं पान गळलं. मोठं पान. पिवळं पान. गांडूळ खूश झालं. खायला पान! पांघरायला पान! गांडूळ पान ओढू लागलं. हळू... हळू...

तेवढ्यात खराटा आला.

खर्र खर्र! खर्र खर्र!

पान गेलं ढिगात. ढीग गेला कोपऱ्यात. धाकूकाकाने काडी ओढली.

तड तड तड!

पानाचा झाला धूर.

कालही असंच झालं होतं. परवाही असंच. गांडुळाच्या पोटात काही नाही. फणसावर उरली मोजकी पानं. ती काही गळेनात. गांडूळ निघालं धुराकडे.

लांब-आखूड, लांब-आखूड.

धूर कुंपणावर रेंगाळत होता.

"धूरदादा, धूरदादा, पान हो ना!
माझं पोट भरेना!"

धूर म्हणाला, "नाही रे बाळा होणार. मी दमलो. वर जावं, तर वर गर्दी. मोटारींचा धूर, भट्टीचा धूर, गावोगावच्या ढिगांचा धूर. टेकायला जागा नाही. फणसाने मला प्यायलं, तर होईन मी पान."

गांडूळ निघालं फणसाकडे.

लांब-आखूड, लांब-आखूड.

"फणसआबा, फणसआबा, धूर पी ना!
धूर पान होईना,
माझं पोट भरेना!"

फणस म्हणाला, "नाही रे बाळा पिणार. मी दमलो. आधी आम्ही चौघे होतो. चौघे मिळून प्यायचो. तिघांना तोडलं. मी एकटा राहिलो. त्यात घसा कोरडा. मातीने पाणी दिलं, तर पिईन मी धूर."

गांडूळ निघालं मातीकडे. माती काय, पोटाखालीच होती. पण अंगणाच्या मधोमध तिचं तोंड होतं.

लांब-आखूड, लांब-आखूड.

"मातीमाय, मातीमाय, पाणी दे ना!
फणस धूर पिईना,
धूर पान होईना,
माझं पोट भरेना!"

माती म्हणाली, "नाही रे बाळा देणार. मी दमले. खराटा मला रोज ओरबाडतो. अंग दगड झालंय माझं. पाणी पडतं नि वाहून जातं. खराटा थांबला, तर देईन मी पाणी."

गांडूळ निघालं खराट्याकडे.

लांब-आखूड, लांब-आखूड.

खर्र खर्र! खर्र खर्र!

"खराटेबुवा, खराटेबुवा, थांब ना!
माती पाणी देईना,
फणस धूर पिईना,
धूर पान होईना,
माझं पोट भरेना!"

खराटा म्हणाला, "नाही रे बाळा थांबणार. मीही दमलो. बघ माझे हीर. झिजून झिजून बोटभर राहिले. पण मी का आपणहून हलतो? धाकूकाका बसला, तर थांबेन मी."

गांडूळ निघालं धाकूकाकाकडे.

लांब-आखूड, लांब-आखूड.

"धाकूकाका, धाकूकाका, बस ना!
खराटा थांबेना,
माती पाणी देईना,
फणस धूर पिईना,
धूर पान होईना,
माझं पोट भरेना!"

धाकूकाकाने खाली पाहिलं. "आँ? एवढंसं तू! आणि मला बस म्हणतोस?" काकाने कंबरेवर हात ठेवला. "नाही रे बाळा बसणार. मी दमलो. कंबर धरलीय. पण अंगणात एक पान दिसलं, की आमची यमू ओरडते. यमूने बस म्हटलं, तर बसेन मी."

गांडूळ निघालं यमूकाकीकडे.

लांब... आखूड. लांब... आखूड.

यमूकाकी ओट्यावर बसली होती. खोकत होती. खॉक खॉक! खॉक खॉक!

"यमूकाकी, यमूकाकी, काकाला बस म्हण ना!
काका बसेना,
खराटा थांबेना,
माती पाणी देईना,
फणस धूर पिईना,
धूर पान होईना,
माझं पोट भरेना!"

काकी म्हणाली, "नाही रे बाळा म्हणणार. मी दमले. खॉक खॉक! सकाळपासून खोकतेय. डोळे चुरचुरतात. पण अंगण कसं लख्ख हवं! शेजारची सुंदरा काय म्हणेल?"

आता कुणाकडे जायचं? गांडुळाला कळेना. ते पायरीवर तसंच पडून राहिलं. हळूच म्हणालं,

"काकी, धूर दमला. फणस दमला. माती दमली. खराटा दमला. काका दमला. तू दमलीस. मीपण."



काकीने कुंपणावरचा धूर पाहिला. तोच धूर तिच्या घशात जात होता. तिने फणस पाहिला. तिने काकाची पाठ पाहिली. कधी एवढी वाकली?

"अगं बाई," काकी म्हणाली, "मला वाटलं, मी एकटीच दमले!"

मग तिने हाक मारली, "अहो! ठेवा तो खराटा. इथं येऊन बसा."

काका म्हणाला, "मी? बसू?"

"हो, बसा."

"आणि सुंदरा काय म्हणेल?"

"तिलाही बोलावते. तीही खोकतेय कधीची."

काकी बस म्हणाली, काका बसला. "आई गं!" म्हणत बसला.

काका बसला, खराटा थांबला.

खराटा थांबला, माती मऊ झाली. लगेच नाही हं. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. पुष्कळ दिवस गेले. काकी भांडी विसळायची आणि ते पाणी फणसाला घालायची. मातीने पाणी धरून ठेवलं. मातीने पाणी दिलं.

मातीने पाणी दिलं, फणसाने धूर प्यायला. सगळा नाही. एकट्याला झेपेल तेवढाच.

फणसाने धूर प्यायला, धूर पान झाला. इवलं इवलं, पोपटी पान!

"टेकलो बाबा एकदाचा," धूर म्हणाला.

नव्या पानाला जागा हवी. फणसाने एक जुनं पान सोडलं. मोठं पान. पिवळं पान.

तरंगत... तरंगत...

टप्प!

अंगणाच्या मधोमध पडलं.

काकाचा हात गेला खराट्याकडे.

"अहो!" काकी म्हणाली.

"सवयीने गेला गं."

"ते त्याचं आहे. राहू दे."

काकाने हात मागे घेतला.

गांडूळ आलं. लांब-आखूड, लांब-आखूड. त्याने पान ओढलं. हळू... हळू... कुणी आलं नाही. अर्धं पान खाल्लं. अर्धं पांघरलं.

गांडुळाचं पोट भरलं.

गोष्टही चालून चालून दमली. तिला आता बसू द्या.