चौथा सड

काशीच्या गादीवर एक शांत स्वभावाचा राजा होता, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा बोधिसत्त्व गवळ्यांच्या एका गावाबाहेर, जुन्या करंजाच्या झाडावर वृक्षदेवता होऊन राहत होते. दुपारी गावची गुरे त्यांच्या सावलीत रवंथ करीत बसत.

त्या गावाची एक रीत होती; आणि रीतच ती, तिला कोण काय विचारणार! गाय व्याली की तिचे तीनच सड पिळायचे. चौथा करंजातल्या देवाचा. त्याला ना माणसाने हात लावायचा, ना वासराने तोंड. पुढे जी गाय गाभण राहीना, तिला वांझ ठरवून पलीकडच्या रानात सोडायची. रानात वाघ होता. वाघाने गाय नेली की गाव म्हणे, देवाने स्वीकारली. अशा गाई दर वर्षी जात, आणि देव कोपलाय असे समजून गाव चौथा सड आणखीच मनोभावे राखी.

मुदिता नावाच्या विधवेची चितळी ही एकुलती एक गाय. एकदा व्याली, पण त्यानंतर वळू दाखवला की दर वेळी उलटायची, गर्भ काही धरायची नाही. शेवटी गावचा प्रमुख भद्दिल म्हणाला, "बाई, जीव अडकवू नकोस. उद्या सकाळी सोड तिला."

मुदिता झाडाखाली आली आणि गाईच्या गळ्याला मिठी मारून रडली. "देवा, तुझा वाटा मी कधी चुकवला नाही रे! मग हिची कूस का रिकामी ठेवलीस?"

बोधिसत्त्व चकित झाले. त्यांनी तर कुणाचीच कूस बंद केली नव्हती. अदृश्य रूपाने ते खाली उतरले आणि चितळीच्या अंगावरून हात फिरवू लागले. चौथ्या सडापाशी हात थांबला. तिथली कास दगडासारखी घट्ट झाली होती, तापली होती. कोंडलेले दूध नासले होते. त्याचा दाह रक्तातून थेट गर्भाशयापर्यंत पोचत होता. बीज वेळेवर सुटत नव्हते, सुटलेच तर रुजत नव्हते. बोधिसत्त्व देव असूनही थक्क झाले. कुठे कास आणि कुठे कूस! पण घराच्या एका कोपऱ्यात आग लागली की सगळे घर तिकडेच धावते, पाळणा कोण बांधणार? एवढ्या मोठ्या देहात कुणी कुणाला परके नाही, हे पाहून त्यांचे हात आपोआप जुळले. आणि हे दुखणे गावाने त्यांच्याच नावाने जपले होते.

बोलावे, तर एक अडचण होती. ज्या वृक्षदेवतेचा वाटा बंद होतो, तिला आपले झाड कायमचे सोडावे लागते.

सकाळी गाव जमले. भद्दिलने चितळीचे दावे हातात घेतले, तोच झाडातून आवाज आला.

"थांबा. तिला वांझ मी केलेलं नाही. माझ्या नावाने तुम्ही दूध कोंडता, ते नासतं, आणि त्याने तिची कूस सुकते. चौथा सडही पिळा."

"अहो देवा, काय बोलता!" भद्दिल म्हणाला. "पाप लागेल आम्हाला. आणि मग तुमचा वाटा?"

"मला वाटा नको. मुदिता, बाळ, हात धुऊन घे. कडुनिंबाच्या कोमट पाण्याने कास शेक. दुखरा सड सगळ्यांत शेवटी, पण पूर्ण रिकामा कर, आणि ते दूध लांब टाक. सूज उतरून धार स्वच्छ येईपर्यंत वळू दाखवू नकोस. एवढं कर, मग बघ."

दावे भद्दिलच्या हातून गळून पडले. त्या दिवशी वारा नसतानाही करंज बराच वेळ सळसळला, मग शांत झाला.

मुदिताने सांगितले तसे केले. चितळी बरी झाली, गाभण राहिली, आणि पुढे तिला कालवड झाली. मुदिता दोघींना घेऊन झाडाखाली आली. "देवा, बघितलंस का रे!" तिने हाक मारली. पुन्हा मारली. झाड रिकामे होते. तेवढ्यात चितळीला पान्हा फुटला, आणि चौथ्या सडातून दूध आपसूक करंजाच्या मुळांवर ठिबकू लागले. मुदिताने ते भांड्यात धरले नाही.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची मुदिता आज आपल्या संघात भिक्षुणी आहे. भद्दिल म्हणजे हा समोर बसलेला वृद्ध उपासक. आणि ते झाड सोडून गेलेली देवता मीच होतो." आपल्या नावाने होणारे दुःख थांबवण्यासाठी आपला वाटा सोडणे, यालाच त्यांनी त्याग म्हटले.