वायपरची चौकशी

पावसात डेपोची जुनी बस दरीत गेली आणि चालक गेनू खरात दगावला. चौकशीच्या साहेबांनी चालकाचाच हलगर्जीपणा लिहायला घेतला. मेकॅनिक रहिमतुल्लांनी दरीतून काढलेला वायपर टेबलावर ठेवला.

“साहेब, याचे दाते झिजलेत. मोटर फिरते, दांडी हलत नाही. नवा भाग मी तीनदा मागितला होता.”

“वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला घाट पाठ असतो.”

रहिमतुल्लांनी साहेबांचा चष्मा उचलून पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि परत दिला. “सही तुम्हालाही पाठ असेल. करा.”

साहेबांनी चिडून रुमाल काढला.

“तुम्हाला पुसता येतं, साहेब. गेनूचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.”

साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. आठवड्याने नवा भाग आला. रहिमतुल्लांनी तो दुसऱ्या बसला बसवला.