काळसड्याची जनाई

ऐका. आपल्या पणजांच्याही आधीची गोष्ट. काळसड्याच्या उंच पठारावर गवळी धनगरांची वस्ती होती आणि तिथं जनाई नावाची बाई राहायची. तिची हाक दरीत उतरलेल्या म्हशींना माघारी आणायची, असं म्हणतात. धुकं आलं की ती दारात उभी राहून हाक द्यायची आणि तिचा नवरा सिदू त्या आवाजामागं म्हशी घेऊन घरी यायचा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून हाकेत शब्द नसायचा. नुसतं "हूऽऽ ओऽऽ".

एके वर्षी नकाशा काढायला मोजणीवाले आले. करमरकर नावाचे त्यांचे साहेब होते. सगळं पठार कागदावर उतरलं, राहिली ती दरीपलीकडची टेकडी. तिच्यावर निशाण रोवलेलं, पण धुक्यात दुर्बिणीला सापडेना.

साहेब जनाईला म्हणाले, "बाई, निशाणाजवळ उभ्या राहून हाक द्या. आवाजाच्या रोखानं दुर्बीण लावून ठेवतो. धुकं जरा फाटलं की काम होईल."

"मालक रानात हायती," जनाई म्हणाली. "माझ्या हाकंवर येत्यात."

"ते निघायच्या आत परत याल."

जनाईला मोह पडला. एवढ्या मोठ्या कामाला आपला आवाज लागतोय! ती गेली आणि तिनं अशी हाक दिली की धुकंच दुभंगलं, असं म्हणतात. निशाण दिसलं, धुकं पुन्हा मिटलं. जनाई आनंदानं आणखी हाका देत राहिली.

सिदू त्या दिवशी लवकर निघाला होता. हाक आली तिकडंच घर, असं समजून तो चालत राहिला. मधे कडा होता. म्हशी थबकल्या. सिदू थांबला नाही, बायकोचा आवाज समोरूनच येत होता.

मोजणीवाले निघाले तेव्हा साहेब खाली मान घालून तिच्यापुढं उभे राहिले. "त्या कड्याला नाव नाही. काय लिहू?"

जनाईनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. "सिदूचा कडा लिवा."

पुढं प्रत्येक धुक्यात ती दारातून हाक द्यायची, ज्याचं माणूस रानात असेल त्याच्यासाठी. हाक दिली की कान देऊन उभी राहायची. ती असेपर्यंत काळसड्यावर कुणी हरवलं नाही, आणि ती गेल्यावरही धुक्यातून तिचा आवाज येत राहिला, असं म्हणतात.

आजही धुकं उतरलं की तिथल्या बाया चुलीपुढून उठून उंबऱ्यावर येतात आणि जनाईच्या नावानं हाक देतात. घरची सगळी माणसं आत बसलेली असली तरी देतात. पलीकडच्या टेकडीवर मात्र कुणी आवाज काढत नाही. गुराखीसुद्धा तिथं हातानं खुणा करून बोलतात.