भिंतीने हाक मारली

फार जुनी नाही, पण कोणी डोळ्यांनी न पाहिलेली ही गोष्ट. सनई वाजवणाऱ्या सोमाजी गुरवांच्या डोक्यात एक धमनी होती. तिला जिथे फाटा फुटे, तिथे रक्त धावत येऊन तिच्या भिंतीवर आदळे. वर्षानुवर्षं मार खाऊन भिंत पातळ झाली आणि फुग्यासारखी बाहेर आली. त्या फुग्यात रक्त गरगर फिरू लागलं.

"जरा हळू ये ना," भिंत म्हणाली.

"मला थांबता येत नाही गं," रक्त कळवळून म्हणालं. "पण तू फुटलीस तर सगळंच संपेल. कुणाला तरी सांग!"

भिंतीने आजवर कधी तक्रार केली नव्हती. तिने धीर करून शेजारच्या डोळ्याच्या नसेला हाक मारली. नसेने सोमाजींची पापणी सोडून दिली.

"आबा, डोळा का मिटलाय?" लेक गोदा घाबरली आणि त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी धमनीत बारीक जाळीची नळी बसवली. रक्त आता फुग्यात न शिरता सरळ पुढे जाऊ लागलं.

"लागलं का?" जाता जाता त्याने विचारलं.

"नाही, आज नाही लागलं," भिंत म्हणाली आणि कितीतरी वर्षांनी निवांत झाली.