बांधावरची झाडे

गाव भीमेकाठचे की नीरेकाठचे, हे आता खात्रीने सांगता येत नाही. गोष्ट ऐकून फार वर्षे झाली, आणि स्मरणाचा तेवढा भरवसा उरलेला नाही. पण माळरानाच्या एका गावात सटवाजी आणि रानोजी नावाचे दोन चुलतभाऊ होते, एवढे नक्की. दोघांच्या माळांमध्ये फक्त एक बांध होता.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळ्यात ज्याच्या माळावर चंडोल जास्त गाईल, त्याचा बैल पोळ्याला सर्वांत पुढे. चंडोल म्हणजे मातकट रंगाचा, तुरेवाला लहानसा पक्षी. बसला तर दिसतही नाही. पण गात गात आभाळात चढला की माणसे हातातले काम विसरत.

ओळीने चार पोळे मान रानोजीकडेच गेला. सटवाजीचा बैल देखणा, झूल नवी कोरी; पण चालायचा मागे. सटवाजीच्या जिवाची लाही लाही होई. जेवताना चंडोल गायला तरी त्याला घास कडू लागे.

"पाखरू कुठं बांध ओळखतं?" बायको तानूबाई म्हणाली. "आपल्यालाही ऐकू येतंच की."

"ऐकू येतं म्हणूनच जेवण जात नाही," सटवाजी म्हणाला.

शेवटी त्याने रानोजीला गाठले. "काय खाऊ घालतोस रे त्यांना?"

"काही नाही, दादा. तू जनावरं सोडून माळ पार खरवडून घेतोस. मी निम्मं गवत पोळ्यापर्यंत राखतो. त्यांचं घरटं गवताच्या बुडाशी, भुईवर असतं. तूही थोडं राख, येतील."

सटवाजी हसला. "पाखराला झाड लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गवत राखायला लावून माझी जनावरं उपाशी मारतोस होय?"

त्याने बांधावर कडुनिंब आणि बाभळी लावल्या. कावडीने पाणी घालून जगवल्या. गावाने कौतुक केले. झाडे वाढली, आणि त्यांच्यावर कावळे आणि शिक्रे येऊन बसू लागले. उंचावरून त्यांना गवतातले प्रत्येक घरटे दिसे. अंडी गेली, पिले गेली.

एका पावसाळ्यात दोन्ही माळ मुके राहिले. पंचांनी सांगितले, यंदा मान कोणालाच नाही. त्या रात्री सटवाजी कित्येक वर्षांनी पोटभर जेवला.

सकाळी रानोजी बांधावर बसलेला दिसला.

"दादा, मानाचं काही नाही," तो म्हणाला. "ती पाखरं तुझ्याकडे आली असती, तरी मला ऐकू आली असती."

 सटवाजीने वर पाहिले. फांद्यांवर कावळेच होते. पुढच्या वर्षी त्याने न सांगता गवत राखले.

ज्याने ही गोष्ट मला सांगितली, त्याने बऱ्याच वर्षांनी ते माळ शोधून, हिंडून खात्री करून घेतली. दोन्हीकडे गवत गुडघाभर होते, बांधावरची झाडे डेरेदार होती. चंडोल एकही नव्हता.

तात्पर्य: मत्सराने पेटलेल्याला खरा सल्लाही कावा वाटतो, आणि शेजाऱ्याचे म्हणून जे तो घालवतो, ते त्याचेही असते.