विरजण काढून दाखव

राणबा गवळ्याचं आणि त्याच्या बायकोचं, सगुणेचं, काही केल्या पटेना. काडीमोड दोघांनाही हवा होता. अडलं होतं वाटणीपाशी. आधी वाटणी, मग काडीमोड, असा नांदगिरीचा कायदा. म्हणून दोघं चंद्रकेतू राजापुढे उभी राहिली.

"घर, दुकान, सगळं दुधातून आलं, महाराज," राणबा म्हणाला. "आणि दूध माझ्या म्हशींचं. हिनं माहेरून काय आणलं? वाटीभर विरजण."

"दूध गावात सगळेच विकतात," सगुणा म्हणाली. "आमच्या दारात रांग लागते ती दह्यासाठी. ते यांच्या दुधाचं आणि माझ्या विरजणाचं. लावते मी, गल्ल्यावर बसतात हे."

राजा महाहट्टी. तोंडातून शब्द निघाला की मागे घेणं नाही. "ज्याचं त्याला," तो म्हणाला. "बाई, उद्या दह्याचं मडकं आण आणि त्यातून तुझं विरजण तेवढं काढून घे. राणबाचं दूध जागच्या जागी राहिलं पाहिजे. जमलं तर निम्मी मिळकत तुझी. नाहीतर अंगावरच्या लुगड्यानिशी घर सोड."

राणबा हसत घरी गेला. सगुणा मडक्यासमोर बसून राहिली. आधी तिला रडू आलं, मग राग आला आणि मग एकदम हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मडकं दरबारात ठेवलं. हातात झाकलेली वाटी होती.

"काढलंस विरजण?" राजानं विचारलं.

"काढलं. या वाटीत आहे. मडक्यात उरलं ते यांचं दूध. यांनी बघून घ्यावं."

राणबानं मडक्यात बोट घातलं आणि चाटलं. "महाराज, ही फसवते आहे. हे दही आहे."

"नीट बघा. दूध नाही?"

"थेंबभरसुद्धा नाही. शपथेवर सांगतो."

सगुणा राजाकडे वळली. "ऐकलंत, महाराज? यात यांचं दूध थेंबभरही नाही. मग यांचं म्हणून ठेवायचं काय? अख्खं मडकं माझंच झालं."

राणबा गडबडला. "तसं नाही, महाराज. दूध आहे त्यात."

"मग तिनं विरजण काढलं," राजा म्हणाला. "ती जिंकली."

"काढलं कुठे? दही आहे ते."

"मग दूध नाही."

"दोन्ही आहे, महाराज!" राणबा रडकुंडीला आला. "दोघांचं मिळून आहे."

"अरे, कालपासून ती दुसरं काय सांगते आहे?"

राजा असा हसला की पगडी मांडीवर आली. प्रधान खांबाला धरून हसत होता.

डोळे पुसत राजानं निकाल दिला. "निम्मं घर, निम्मं दुकान, निम्म्या म्हशी सगुणेच्या. वर दरबाराकडून एक दुभती म्हैस. वाड्यावरचं दही आजपासून हिच्याकडून येईल. काडीमोड मंजूर. आणि कुणीतरी ते मडकं इकडे आणा, मघापासून तोंडाला पाणी सुटलंय."