भिंतीवर एकच नाव

“…पण सर, चव्वेचाळीस मोठे की एक्केचाळीस, एवढंच सांगा.”

कोलारकर सर बास्केटबॉलच्या मैदानाकडेला खुर्ची टाकून संत्रं सोलत होते. वय ऐंशी. कॉलेजातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण वर्ध्यात राहून संध्याकाळी मैदानावर यायचं कधी चुकलं नाही.

“चव्वेचाळीस मोठे,” सर म्हणाले. “गणितात तुला शंका आहे का?”

विचारणारा मिहीर धोटे, कॉलेजच्या संघाचा शूटिंग गार्ड. आंतरमहाविद्यालयीन फायनलमध्ये त्यानं एकट्यानं चव्वेचाळीस गुण केले होते आणि अडतीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला होता. तो विक्रम होता विलास धोटेंचा. म्हणजे त्याच्या वडिलांचा.

दोघांनाही खेळ शिकवला होता कोलारकर सरांनीच.

प्राचार्यांनी आता मैदानाची भिंत रंगवून घेतली होती. तिच्यावर ‘कॉलेजचा सर्वश्रेष्ठ शूटर’ असं लिहून खाली एकच नाव टाकायचं होतं. ते नाव कोलारकर सर सांगणार होते.

तेव्हापासून धोट्यांच्या घरात बोलणं बंद होतं. विलासरावांचं म्हणणं, आमच्या वेळी तीन गुणांची रेघच नव्हती, मी लांबून मारलेले बारा बॉल आजच्या हिशेबानं तीन-तीनचे धरा, माझे त्रेपन्न होतात. मिहीरचं म्हणणं, तुमच्या वेळी अंगावर येऊन अडवणारं होतं कोण? अर्धा संघ तर कबड्डीतून उसना आणलेला असायचा. विलासराव म्हणाले, आम्ही मुरमावर खेळलो, पडलो तर गुडघे सोलून निघायचे. मिहीर म्हणाला, म्हणूनच तुम्ही कधी धावला नाहीत.

त्यावर विलासराव ताटावरून उठले.

त्यानंतर मीठ हवं असलं तरी दोघं मिहीरच्या आईला, सुनंदाताईंना सांगत. एकाचा निरोप घ्यायचा, दुसऱ्याकडे टाकायचा. घरात खरा खेळ मीच खेळतेय, असं त्या शेजारणीला म्हणाल्या.

मिहीरनं मोबाइल पुढे केला. फायनलचं चित्रण होतं. सरांनी चष्मा पुसला आणि बघायला लागले.

“हा सात नंबरचा कोण?”

“तो अथर्व. सर, मी अकरा नंबर.”

“परत दाखव.”

मिहीरनं परत दाखवलं. अकरा नंबरनं उडी घेतली, बॉल जाळीतून खाली आला.

“हा सात नंबरचा तुझ्यासाठी फार छान वाट अडवून धरतो,” सर म्हणाले.

“सर, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही आहात.”

“मी खेळ बघतो रे. वाईट सवय आहे.”

मिहीर मोबाइल खिशात टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी विलासराव आले. हातात वर्तमानपत्राचं जुनं कात्रण, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं. फोटोत वीस वर्षांचा विलास हवेत होता आणि बॉल बोटांवरून नुकताच सुटलेला.

मुलाला मी कमी लेखत नाही, त्यांनी सांगितलं, पण इतिहास खोटा लिहिला जाऊ नये एवढीच माझी कळकळ आहे.

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“हा खाली पडलेला कोण?”

“असेल त्यांचा कुणीतरी.”

“आपला आहे. रहमान. तुझ्यासाठी वाट अडवून उभा होता. दात पडला त्याचा.” सरांनी कात्रण परत दिलं. “आता कुठे असतो?”

विलासरावांना माहीत नव्हतं. त्यांनी कात्रण हळूच पिशवीत सरकवलं… आणि तरीही विचारलंच.

“मग सर, नाव कुणाचं?”

“रविवारी सकाळी बूट घालून ये. पोरालाही सांग.”

“आम्ही बोलत नाही, सर.”

“मग सुनंदाला सांग.”

रविवारी सकाळी आठ वाजता दोघं आले, एकाच घरातून आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी. विलासरावांच्या गुडघ्याला पट्टा होता. भिंतीशी शिडी लावून मुनेश्वर पेंटर रंग ढवळत बसला होता. प्राचार्य कुंपणाबाहेर उभे राहून फोनवर बोलत होते.

सर काठी टेकत रिंगखाली जाऊन उभे राहिले.

त्यांनी नियम सांगितला. तुम्ही दोघं एका संघात. समोर मी एकटा. जो बास्केट करेल त्याचं नाव भिंतीवर.

मिहीरला हसू आलं. ऐंशी वर्षांचा म्हातारा, तोही काठीसकट. विलासरावही हसले, पण मुलाला दिसणार नाही असे.

सरांनी बॉल उडवला. मिहीरनं तो पकडला, एका झेपेत रिंगकडे निघाला आणि मागून त्याच्या बनियनला हिसका बसला. विलासरावांनी धरलं होतं.

“बाबा, आपण एका संघात आहोत,” असं म्हणायचं मिहीरच्या तोंडावर आलं होतं. पण बोलणं बंद होतं.

बॉल विलासरावांकडे गेला. त्यांनी डावीकडे हूल देऊन उजवीकडून हात उचलला. ती हूल मिहीर सातव्या वर्षापासून घरच्या अंगणात पाहत आला होता. त्यानं बॉल वरच्या वर झटकला.

मग मिहीरनं पाय मागे घेऊन मारायचा प्रयत्न केला. तो डाव त्याला विलासरावांनीच शिकवला होता. ते आधीच तिथे उभे होते.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. एकदा तर दोघांनी बॉल दोन बाजूंनी धरला आणि मैदानभर गोल फिरले. सरांना अडवायला काही उरलंच नव्हतं. ते काठी टेकत बाजूला आले, खुर्चीत बसले आणि खिशातलं संत्रं काढून सोलायला लागले.

“आत्तापर्यंत किती झाले?” पेंटरनं विचारलं.

“माझे शून्य,” सर म्हणाले. “आणि मीच पुढे आहे.”

तेवढ्यात बॉलमागे झेपावताना मिहीर आपटला. कोपर खरचटलं. बॉल घरंगळत विलासरावांच्या पायाशी आला.

ते रिंगच्या अगदी खाली होते. समोर कुणी नाही. मागे कुणी नाही. धाप लागली होती, पण एवढ्या जवळून त्यांनी डोळे मिटून टाकला असता.

त्यांनी बॉल उचलला. रिंगकडे पाहिलं… मग खाली पडलेल्या मुलाकडे पाहिलं.

“लागलं का रे?”

महिन्याभरात सुनंदाताईंना मध्ये न घेता गेलेला हा पहिला शब्द.

“नाही,” मिहीर उठत म्हणाला. “मारा बाबा. मोकळे आहात.”

विलासरावांनी बॉल त्याच्याकडे टाकला.

“तू मार.”

मिहीरनं तो परत टाकला. “तुमचा आहे.”

“माझं नाव एकदा पेपरात आलंय. मार तू.”

“तुम्ही रेघेशिवाय मारलेत. मारा.”

बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिला. दोघांचीही पावलं हळूहळू पडायला लागली, मग जुळायला लागली. विलासराव कापून आत जात, बॉल बरोबर तिथे येई. मिहीर कोपऱ्यात सरके, बॉल त्याच्या आधी पोचलेला असे. रिंगकडे कुणी बघतच नव्हतं. विलासराव लंगडत होते आणि हसत होते.

सरांचं संत्रं सोलायचं थांबलं होतं. ते पहिल्यांदाच खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बघत होते.

मुनेश्वर पेंटर शिडीवर चढला. वर ‘कॉलेजचा सर्वश्रेष्ठ शूटर’ लिहायला त्यानं खडूनं दोन ओळी आखल्या आणि ब्रश बुडवून वाट बघत राहिला. ब्रशमधून एक थेंब खाली पडला.

फोन आटोपून प्राचार्य लगबगीनं मैदानाच्या मधोमध आले.

“सर, पाहुण्यांना अकराची वेळ दिली आहे. शेवटी काय ठरलं? काय लिहायचं भिंतीवर?”

सरांनी त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. नजर खाली येत येत त्यांच्या करकरीत कोल्हापुरी चपलांवर थांबली… आणि बराच वेळ तिथेच राहिली.

मग ते पेंटरकडे वळले.

“लिही मुनेश्वर. मोठ्या अक्षरात. मैदानात चपला घालून येऊ नये.”